कोरडवाहू गावात बदके चालतील; हंस नकोत

सोलापूर, धाराशिव, बीड यांसारख्या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात बदकपालनाचा विषय निघाला की दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, जेथे तळे नाही तेथे बदक कसले? दुसरा उत्साहाने म्हणतो, बदके व हंस दोन्ही आणावेत. हे पक्षी आपले पोट आपण भरतात. दोन्ही मते अर्धवट माहितीवर उभारलेली आहेत, आणि दुसरे तर शेतकऱ्यास नुकसानीत घालणारे आहे.

बदक व हंस हे दिसण्यात सारखे असले तरी त्यांचा आहार भिन्न आहे. पाळीव हंस हा चरणारा पक्षी आहे. कोवळ्या हिरव्या गवतावर तो बव्हंशी पोट भरतो. परंतु गाईप्रमाणे त्यास रवंथ करता येत नाही, म्हणून वाळलेले जाडेभरडे गवत त्याच्या उपयोगी पडत नाही. माघ सरला की आपली माळराने करडी होतात. मग हंसास दाण्यावरच पोसावे लागते आणि अंडी तर तो फारच थोडी देतो. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी असून लसूणघासाचा वाफा आहे, त्याने राखणीसाठी एखादी जोडी हौसेने ठेवावी. इतरांनी या वाटेस जाऊ नये.

बदकाचे तसे नाही. गोगलगाई, किडे, गांडुळे, सांडलेला दाणा व थोडा पाला हे त्याचे अन्न होय. म्हणजे गवताची टंचाई ही बदकाची मुख्य अडचण नव्हे. त्यास पोहण्यासाठी तळेही अनिवार्य नाही. डोके व चोच बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुता येतील असे पाच-सहा इंच खोल भांडे सदैव भरलेले असले म्हणजे पुरे. विहिरीजवळच्या थारोळ्यात किंवा जुन्या डोणीत ही सोय सहज होते. घाण झालेले हे पाणी रोज परसातील भाजीस सोडावे. ते खताचेच काम करते.

खरा प्रश्न आहे उन्हाळ्यातील दाण्याचा. अंड्यावरील एका बदकास, बाहेर काही मिळत नसता, दररोज सुमारे १५० ग्रॅम खाद्य लागते. पाच बदकांचे पाऊण किलो झाले. मार्च ते जून या चार महिन्यांत ते ९० किलो भरते. हा हिशेब पिल्ले आणण्यापूर्वी करावयाचा असतो, वैशाखात नव्हे. ज्याच्या घरी भरडा, कोंडा व पेंड यांची एवढी बेगमी होणार नाही, त्याने दोन-तीनच बदके पाळावीत. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक उत्तम जोपासनेत वर्षाला २५० ते ३०० अंडी देते, हे खरे. पण अर्धपोटी बदकाकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

पिल्ले पावसाच्या आरंभी आणावीत. पावसाळ्यात त्यांना रानात किडे मिळतात; मात्र औषध फवारलेल्या पिकात त्यांना सोडू नये. दिवाळीच्या सुमारास ती अंड्यावर येऊ लागतात. पुढे रब्बीची ज्वारी निघाल्यावर खळ्यावर व रानात सांडलेला दाणा त्यांना काही दिवस पुरतो. होळीपूर्वी जादा नर विकून टाकावेत. खाण्याची अंडी मिळण्यास नराची गरज नसते. पैदास करावयाची असेल तर पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवावा आणि अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली उबवावीत. २८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

बदके बहुतेक अंडी पहाटे व सकाळी घालतात. म्हणून नऊ वाजेपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवावे. अन्यथा अंडी झुडपांत हरवतात. खाद्य ओलसर करून द्यावे आणि बुरशी आलेली भुईमुगाची पेंड कदापि देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि बदकांची पिल्लेही दगावली. या विषापुढे बदक कोंबडीहून अधिक नाजूक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी किती पक्षी वाटले, यावरून आपल्या कामाचे माप काढू नये. पुढल्या ज्येष्ठात त्यांतील किती जिवंत व अंड्यावर आहेत, हेच खरे माप. घरात पाणी कोण भरते, हेही आधी विचारावे. ते बहुधा घरातील बाईच भरते, आणि बदकांची घागर तिच्याच डोक्यावर चढते. तेव्हा तिचा होकार असल्यावाचून पक्षी देऊ नयेत, आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती राहावा. ज्या घरी पाणी, दाणा व तिची संमती या तिन्ही गोष्टी आहेत, तेथे पाच बदके कोरडवाहू संसारास निश्चित हातभार लावतील. जेथे यांतील एकही उणी आहे, तेथे नकार देणे हेच हिताचे मार्गदर्शन होय.