उद्यान कोणासाठीं?

एखाद्या शहरांत नवें सार्वजनिक उद्यान झालें म्हणजे त्याची स्तुति बहुधा कारंज्यावरून, रंगीत दिव्यांवरून आणि सारख्या कातरलेल्या हिरवळीवरून होत असते. या गोष्टी नेत्रांस सुखद आहेत यांत शंका नाहीं. तथापि वैशाखांतल्या दुपारीं तेथें एखाद्या वृद्ध गृहस्थास घटकाभर सावलींत टेकतां येईल काय, दोन खोल्यांत सात माणसें राहणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यास पुस्तक घेऊन बसतां येईल काय, हें उद्घाटनाच्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें उद्यानाची खरी परीक्षा हीच होय.

आपल्याकडील खेड्यांत ही परीक्षा उत्तीर्ण झालेली एक जुनी रचना आहे, ती म्हणजे पार. वडाची किंवा पिंपळाची दाट छाया, बुंध्याभोंवतीं गुडघाभर उंचीचा दगडी ओटा आणि समोरून जाणारीयेणारी माणसें, इतकेंच तिचें साहित्य. अर्थात् त्या पारावर सर्वांसच बसूं देत नसत, हें विसरतां कामा नये. सार्वजनिक हा शब्द त्यास शोभत नाहीं. नगरपालिकेच्या बागेस तो शोभतो, म्हणूनच तिजकडून आमची अपेक्षा अधिक आहे.

शहरांतील उदाहरण पाहावयाचें तर मुंबईंत दादरचें शिवाजी पार्क घ्यावें. हें मैदान १९२५ मध्यें लोकांस खुलें झालें आणि १९२७ मध्यें त्यास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. त्याच्या भोंवतीं किलोमीटरहून कांहींशा अधिक लांबीचा जो बुटका कट्टा आहे, त्यावर वृक्षांची छाया पडते. आंत तोंड करून बसलें कीं क्रिकेट दिसतें, बाहेर तोंड केलें कीं रस्ता. ज्यास जसें आवडेल तसें त्यानें बसावें. तिकीट नाहीं, पाटी नाहीं. पिढ्यान् पिढ्या तेथें गप्पा चालल्या आहेत, त्याचें श्रेय आम्ही मैदानाइतकेंच त्या कट्ट्यास देऊं.

हीच गोष्ट दूर अमेरिकेंत एका अभ्यासकानें मोजून दाखविली. विल्यम व्हाइट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत न्यू यॉर्क शहरांतील चौकांचें चलच्चित्र घेऊन कोण कोठें बसतो याची नोंद केली. भव्य इमारतींपुढील कांहीं चौक गजबजलेले आणि कांहीं ओस कां, याचें कारण त्यांस सौंदर्यांत किंवा आकारांत सांपडलें नाहीं. जेथें बसावयास जागा होती तेथें माणसें बसत होतीं. उत्तर इतकें साधें आहे कीं हंसूं यावें! परंतु त्यावरून तेथील नगरनियम १९७५ मध्यें बदलण्यांत आला आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागें १ फूट लांबीची बैठक आवश्यक ठरली. व्हाइट यांचें दुसरें निरीक्षण आमच्या विद्यार्थिनींच्या मातांनीं ध्यानांत घ्यावें. जागा निवडतांना स्त्रिया अधिक चोखंदळ असतात, म्हणून जेथें त्यांचें प्रमाण कमी, तेथें रचनेंत कांहींतरी दोष आहे असें ते समजत.

आमच्याकडे यावर उत्तर मिळतें कीं, बसावयाची सोय केली म्हणजे रिकामटेकडे व जुगारी जमतात. त्याच शहरांतील ब्रायंट पार्कची हकीकत याच्या उलट आहे. हें उद्यान रस्त्याहून उंचावर, लोखंडी कठड्यांनीं व दाट झुडुपांनीं वेढलेलें होतें. सभ्य माणसें आंत जाण्यास भीत, आणि अमली पदार्थ विकणारांस आडोसा मिळे. तें १९८८ मध्यें बंद करून १९९२ मध्यें पुन्हां उघडलें, तेव्हां आडोसे काढले होते, वाटा रुंद केल्या होत्या आणि हलक्या, पाहिजे तिकडे उचलून नेतां येतील अशा खुर्च्या ठेवल्या होत्या. तेव्हांपासून तें माणसांनीं भरलेलें असतें, आणि दुर्जनास इतके डोळे नकोसे होतात.

मात्र न्यू यॉर्कची नक्कल आम्हांस नको. तेथें लोक ऊन शोधतात, आपणांस सावली हवी. झाडाची सावली आणि पत्र्याची सावली एक नव्हे. पानें पाण्याची वाफ सोडून थंड राहतात. पत्रा तापतो आणि खालच्या माणसावर उष्णता टाकतो. असें असतां नव्या बागांत कडुलिंब, करंज, बकुळ यांच्या जागीं शोभेचे बॉटल पाम ओळीनें उभे केलेले दिसतात. त्यांची सावली दोन माणसांसही पुरत नाहीं. जमिनीवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवितात, ते दिवसभर ऊन साठवून तिन्हीसांजेनंतरही धग देतात. लोखंडी बांक उघड्यावर मांडतात, आणि एकुलत्या एका दाट झाडाखालीं पाटी असते, "हिरवळीवर बसूं नये."

आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं सुटींत एक काम करावें. जवळच्या बागेंत वहीपेन्सिल घेऊन तासभर बसावें आणि लिहावें: किती माणसें आलीं, किती बसलीं, कोठें बसलीं, त्यांत स्त्रिया किती, वृद्ध किती, कोणता बांक शेवटपर्यंत रिकामा राहिला. पालकांनीं हे आंकडे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे न्यावे. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर १९६६ च्या नगररचना कायद्यान्वयें नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. तेथेंही ही वही उपयोगी पडेल.

पुण्यासारख्या शहरांत पुष्कळ बागा सकाळीं उघडतात, भर दुपारीं बंद होतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हां उघडतात. पहिली सूचना याच वेळेविषयीं असावी. झाडलोट आणि पाणी घालणें हीं कामें पहांटे उरकतां येतील. बाराच्या उन्हांत हातगाडीवाल्यास आणि परीक्षेच्या विद्यार्थ्यास त्या झाडांखालीं बसूं द्यावें.