फितीवरचे माप आणि कूस

जबलपूरच्या सदर बाजारात सलवार-कमीज शिवायला टाकली, की मापाची फीत कमरेभोवती फिरते, मग नितंबांभोवती. या दोन आकड्यांचा भागाकार वैद्यकशास्त्र गांभीर्याने घेते. नेदरलँड्समध्ये दात्याच्या वीर्याने गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या 500 स्त्रियांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. हे गुणोत्तर 0.1 ने वाढले, तर दर पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी घटलेली दिसली.

यामागे संप्रेरके आहेत: मांड्या-नितंबांकडे चरबी वळवते ते इस्ट्रोजेन. पोटावर चरबी साचली की इन्सुलिन वाढते, त्याच्या रेट्याने बीजकोश जादा टेस्टोस्टेरॉन तयार करतात आणि बीज पिकायचे अडते. पीसीओएसमागे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) बहुतेकदा हाच फेरा असतो. मुंबईतल्या 778 तरुणींच्या पाहणीत (2014) निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार 22.5 टक्के जणींत पीसीओएस आढळला.

पण म्हणून सुनेच्या बांध्यावरून तिची कूस जोखणे साफ चूक आहे.

सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, आणि मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते. सुनेची पाळी सतत लांबत असेल तर टोमणे नकोत, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. मूल होत नसेल, तर नवऱ्याचीही तपासणी सोबतच करा.