बस 'बसली' तेव्हा...

आपल्या अभ्यासक्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मला रात्री दीड वाजता इंदापूरच्या पुढे सुचली.

दिवाळीला पुण्याहून सोलापूरला घरी चाललो होतो. एअर सस्पेन्शनची बस, त्यामुळे तिकीटही तसंच! इंदापूर गेलं आणि मागच्या चाकापाशी 'फुस्स' आवाज झाला, बस डावीकडे कलली. खाली उतरून पाहतो तर मागची डावी बाजू बैल बसावा तशी बसलेली.

"बलून फाटला!" मी निदान जाहीर केलं. (मेकॅनिकलला आहे हे शेजारच्यांना आधीच सांगून झालं होतं.) ड्रायव्हरकाका शांतपणे म्हणाले, "फाटला असता तर आवाज थांबला असता का? आत जाऊन काटा बघ."

काटा साडेसात बारवर ठाम. खरंच की! बलून फाटला तर व्हॉल्व्ह त्यात हवा भरतच राहतो, टाकीचा दाब उतरत जातो. इथे बलून धड होता, फक्त रिकामा झाला होता. दोष होता लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या वीतभर दांडीचा. तिचं एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं व्हॉल्व्हच्या लिव्हरला. बॉडी खाली आली की लिव्हर वर जाते आणि हवा भरते. बॉडी वर गेली की हवा सुटते. दांडी निसटली, लिव्हर लोंबकळली, व्हॉल्व्हला वाटलं बस फार उंच झाली, आणि त्याने इमानदारीत सगळी हवा सोडून दिली.

हे कळल्यावर मी हुशारी केली. मोबाईलचा टॉर्च घेऊन टायर आणि पत्र्याच्या फटीत डोकं घातलं आणि लिव्हरला हात लावणार, तेवढ्यात काकांनी पाय धरून बाहेर ओढलं. "मरायचंय का रे?" लिव्हर उचलली असती तर बस वर आली असती, हात सुटला असता तर पुन्हा खाली. पाच बार दाबाला २२ सेंटिमीटर व्यासाचा बलून जवळपास दोन टन तोलतो, आणि त्या बाजूला असे दोन होते. हे गणित मी परीक्षेत तीन मिनिटांत सोडवतो. तिथे ते आठवलंच नाही.

काकांनी सगळ्यांना दूर उभं केलं. जॅकने बॉडी उचलली, चेसिस आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लाकडी ठोकळा सारला, मग लिव्हर वर करून बलून फुगवला आणि ती आडवी धरून तारेने बांधली. ठोकळा काढला आणि पुढे चाळीसच्या वेगाने सोलापूर. तारेने बांधलेली लिव्हर भार ओळखत नाही, म्हणून वेग कमी, हेही त्यांनीच सांगितलं.

आता तक्रार. वर्कशॉपमध्ये आपण अख्खी टर्म चौकोनी तुकडा घासतो. बंद पडलेली गाडी आधी टेकू देऊन मग हात लावायची, हे मात्र कुणी एकदाही करून घेत नाही. व्हायवात स्प्रिंगची व्याख्या विचारतात, काटा वाचायला कोण सांगतो? सर म्हणतील, सामान कुठून आणायचं? कॉलेजच्या बस सकाळी अकरा ते चार पार्किंगमध्ये उभ्याच असतात. त्यांना बलून नाहीत, पाटे आहेत, चालेल. आणि शिकवायला आपले बसवाले काका आहेत. फक्त त्यांना त्या दोन तासांचं मानधन द्या, आणि जर्नलवर सही त्यांचीच घ्या.