नावाचा वाद आणि पेवाचा विसर

मारतहळ्ळी हे बंगळूरच्या पूर्वेचे एक खेडे होते. आज तो बाह्य वर्तुळमार्गावरचा एक गजबजलेला चौक आहे. या खेड्याच्या नावावरून आमच्या मराठी मंडळींत जो वाद चालतो, तो आम्ही पुष्कळ वर्षे मुकाट्याने ऐकत आलो आहोत. एका पक्षाचे म्हणणे, हे नाव मराठ्यांचे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले, पुढे हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला, तेव्हा त्यांच्या कोणा शिलेदाराची ही हळ्ळी असली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, नाव पडले ते 'मारुत' विमानावरून; विमानांचा कारखाना जवळच, आणि १७ जून १९६१ रोजी ते विमान प्रथम आकाशात गेले. तिसरा पक्ष मारुतीकडे बोट दाखवतो. प्रत्येक पक्षाला आपले मत सिद्ध झाल्याचे समाधान लाभते, आणि वाद आटोपल्यावर सर्व पक्ष एकाच पंगतीला जाऊन बसतात.

व्युत्पत्तीशी आमचे वैर नाही. परंतु ज्या गावावर आपण नावाच्या जोरावर हक्क सांगतो, ते गाव खात काय होते, धान्य ठेवीत कोठे होते आणि दळीत कसे होते, हा प्रश्न या पंगतीत कोणीही विचारलेला आम्ही ऐकला नाही. गावाचे नाव हे गावाच्या इतिहासाचे एक पान. गावाचे कोठार म्हणजे उरलेली सारी पोथी. ती पोथी उघडण्याची तसदी न घेता आपण मुखपृष्ठावर भांडत बसलो आहो, आणि तेही अशा वेळी की आतली पाने वाळवी खात आहे.

हा सारा टापू रागीचा. रागी म्हणजे आपली नाचणी, कोकणातली नि घाटमाथ्यावरची. पण तेथे ती वरकस जमिनीचे पीक, येथे ती घराची धनीण. १८०० साली इंग्रज कंपनीच्या हुकुमाने म्हैसूरच्या मुलखातून फिरलेल्या फ्रान्सिस बुकाननलाही हेच दिसले. बेळ्ळंदूर, वर्तूर यांसारख्या तळ्यांच्या पोटाखाली भात पिके. तळ्याचे पाणी जेथे चढत नाही त्या तांबड्या माळावर पावसाच्या भरवशावर रागी पेरायची, ओळींच्या मधून अवरे लावायचे, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी करायची. भात विकायला नि सणाला, रागी रोजच्या जेवणाला. तिच्या पिठाचे उकडलेले गोळे, त्यांना 'मुद्दे' म्हणतात. आमच्या सभांतून मुद्दे मांडले जातात. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गिळले आणि त्यावर शेत नांगरले. दोहोंपैकी कोणाचे मुद्दे अधिक भरीव, हे वाचकांनीच ठरवावे.

आता साठवणीकडे वळू. म्हैसूरच्या रागी-प्रदेशात धान्य जमिनीखाली ठेवीत. त्या खड्ड्याला कानडीत 'हगेवु' म्हणतात. (मराठी कानाला हा शब्द ऐकून हसू येईल, ते आवरावे.) उंचवट्याची, पाणी न मुरणारी घट्ट जागा पाहायची, तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद ठेवायचे आणि आत पोट रुंद करीत न्यायचे, रांजणासारखे. तळाला व कडेला वाळलेला पेंढा घालायचा, उन्हात खडखडीत वाळवलेली रागी ओतायची, वर पुन्हा पेंढा, मग दगडी झाकण, आणि त्यावर माती थापून जमीन सपाट करायची. परक्या माणसाला, विशेषतः लुटारू शिपायाला, आपण कोणाच्या वर्षभराच्या अन्नावर उभे आहो याचा पत्ता लागू नये. आत कोंडलेले धान्य स्वतः श्वास घेते. थोड्याच काळात प्राणवायू सरतो, कर्बवायू साचतो, आणि कीड त्यात गुदमरून मरते. औषध नाही, यंत्र नाही. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरायचे नाही; आधी दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे. हा नियम न पाळणारा माणूस कायमचाच आत राही.

'पेव' हा शब्द आम्ही सहज लिहून गेलो, कारण ही वस्तू आपलीही आहे. आज मराठी वर्तमानपत्रांत शिकवणीवर्गांचे पेव फुटते, पतपेढ्यांचे पेव फुटते, आणि लिहिणाऱ्याने पेव जन्मात पाहिलेले नसते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले तेव्हा कोठे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळले की असे काही अजून वापरात आहे. पन्हाळ्यावरच्या अंबारखान्यापुढे आपण उभे राहून छायाचित्रे काढतो. गंगा, यमुना, सरस्वती ही त्याच्या कोठ्यांची नावेही पाठ म्हणून दाखवतो. तो राजाचा अंबारखाना. रयतेचा अंबारखाना जमिनीखाली होता, म्हणून त्याला ना बुरूज, ना पाटी, ना सहल.

कानडी वाङ्मयाने मात्र या धान्याची दखल चारशे वर्षांपूर्वीच घेतली. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदास यांच्या 'रामधान्यचरिते' या काव्यात भात आणि रागी यांचे भांडण रामापुढे येते. राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवतो. मुदत संपल्यावर भात खराब झालेला निघतो, रागी जशीच्या तशी. निवाडा रागीच्या बाजूने होतो, आणि राघवाचे नाव तिला मिळते. उच्चवर्णीयांच्या भातापुढे कष्टकऱ्यांच्या धान्याला न्याय देणारे काव्य म्हणून त्याची वाखाणणी होते, ती योग्यच. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या न्यायसभेत साक्षीदार नाही, वकील नाही; आहे ती केवळ साठवणीची परीक्षा. धान्याची योग्यता ते किती टिकते यावरून ठरवावी, ही पेव खणणाऱ्या शेतकऱ्याची बुद्धी आहे, आणि कवीने ती प्रभू रामचंद्राच्या तोंडी घातली.

येथे कोणी आम्हांवर जुन्याचे गोडवे गात असल्याचा आरोप करील. त्याने थोडा धीर धरावा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानात सुमारे दहा लाख माणसे मेली. म्हणजे पाच माणसांत एक. एक वर्ष पाऊस गेला तर पेव तारते. पाठोपाठ दुसरे वर्ष गेले की पेवाचा तळ दिसतो. शिवाय पेव असे ते ज्याच्याकडे शिल्लक असे त्याचे. भूमिहीन मजुराला कसले पेव नि कसले झाकण? दुष्काळात त्याने पेवाच्या धन्यापुढे हात पसरायचा आणि पुढच्या सुगीला दीडपट फेडायचे. हे आम्ही विसरलेलो नाही.

जात्याविषयी तर आम्ही आमच्याच साहित्यिक बांधवांशी उघड भांडण मांडू इच्छितो. जात्याला कानडीत 'बीसुकल्लु' म्हणतात, आणि त्यावरही गाणी आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम थोर आहे. परंतु त्या ओव्यांवर डोळे ओले करून 'जाते गेले आणि मराठी संस्कृती गेली' असा गळा काढणारे जे लेखक आहेत, त्यांतील किती जणांनी पहाटे उठून दोन शेर नाचणी दळली आहे? दळणाऱ्या बाईने ओवी रचली, कारण खुंटा ओढताना खांदा भरून येई आणि ते दुःख सांगायला दुसरे कोणी नसे. गिरणी आली तेव्हा गाण्याचा वियोग होईल म्हणून कोणी बाई रडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ती डोक्यावर डबा घेऊन गिरणीपुढे रांगेत उभी राहिली, आणि आयुष्यात प्रथमच पहाटेची एक झोप तिच्या वाट्याला आली. मराठी माणसाला बंगळुरात अभिमानाला जागाच हवी असेल तर आम्ही शहाजीराजांच्या अनामिक शिलेदाराऐवजी दुसरी सुचवू: १९४६ साली किर्लोस्करांनी या शहरात विजेच्या मोटारी बनविणारी कंपनी काढली. जाते सुटले ते अशा मोटारीच्या पट्ट्याने.

मग आमचे भांडण कोणाशी? ते आहे विसराशी, आणि त्या विसरातून निघालेल्या एका हिशेबाशी. १९६५ साली अन्न महामंडळ स्थापन झाले. देश तेव्हा अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. महामंडळाची गरज होती, आणि त्याने उपासमारीतून वाचवले हेही खरे. परंतु ती सारी यंत्रणा गहू आणि तांदूळ या दोन धान्यांच्या मापाने बेतली गेली. रागीचे फोलपट दाण्याला असे घट्ट चिकटलेले असते की तिला तांदळासारखी सडता येत नाही, आणि गव्हासारखा मैदा-रवा काढणाऱ्या लोखंडी रुळांच्या गिरणीलाही ती सोयीची नाही. जे धान्य यंत्राला सोयीचे नाही ते मागासलेले, असा निष्कर्ष निघायला मग वेळ लागला नाही. २००५ साली ठरलेल्या योजनेप्रमाणे मोगा आणि कैथल येथे प्रत्येकी दोन लाख टनांचे पोलादी कोठार उभे राहिले. तेथून सुटा गहू आगगाडीने बंगळूर, चेन्नई, कोइमतूर, नवी मुंबई, हुगळी येथील कोठारांत उतरवायचा. बंगळूरचा वाटा पंचवीस हजार टनांचा. रागीच्या देशात उभे राहिलेले हे मोठे कोठार पंजाब-हरियाणाच्या गव्हाचे आहे. त्यात पंख्याने वारा खेळवावा लागतो, विषारी धुरी द्यावी लागते, आणि त्याची किल्ली कोणत्याही गावाकडे नसते.

हिशेबाचा दुसरा भाग कायद्यातच लिहिलेला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाला किलोमागे तांदूळ तीन रुपयांत, गहू दोन रुपयांत आणि भरड धान्य एका रुपयात देण्याचे ठरवले. २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते, म्हणून दर आता पुसला गेला आहे. पण तो क्रम ज्यांच्या डोक्यात होता त्यांच्या डोक्यातून पुसला गेला काय? कनकदासांच्या रामाने जिला पहिली ठरवली तिला आम्ही तिसरी ठरवली. आणि हेच धान्य २०२३ साली जगाने भरड धान्यांचे वर्ष साजरे केले तेव्हा चकचकीत पुडक्यांत शिरले, आणि एका रुपयाच्या रागीचे वजनदार बिल आमच्याच तरुण मंडळींनी आनंदाने चुकते केले. एवढे मात्र मान्य करू की २०२४-२५ च्या खरिपात रागीचा हमीभाव क्विंटलला ४२९० रुपये होता, साध्या भाताचा २३००. आणि कर्नाटक सरकार अलीकडे रागी विकत घेऊन दक्षिणेच्या जिल्ह्यांत शिधापत्रिकेवर देते. हे पाऊल चांगले आहे. उशिरा पडले, एवढेच.

मारतहळ्ळीत रागी पेरायला आता माळ उरलेला नाही. बेळ्ळंदूरच्या तळ्याने २०१५ नंतर पुन्हापुन्हा पेट घेतल्याची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. जेथे खळी होती तेथे संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत काम करणारी शेकडो मराठी मुले-मुली गल्लीबोळांतल्या खोल्यांतून भाड्याने राहतात. त्या खोल्यांचे मालक कोण? पुष्कळ ठिकाणी ज्यांच्या बापजाद्यांनी येथे रागी पिकवली त्यांचीच ही घरे. भाडे दर महिन्याला चुकते होते, आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईशी एक शब्दही बोलणे होत नाही. कानडी येत नाही ही सबब आम्हांस मान्य नाही. वर्षभर ज्यांच्या अंगणातून जायचे-यायचे त्यांच्याशी बोलण्यापुरती भाषा शिकायला व्याकरण लागत नाही.

'हिट्टिन गिरणी' अशी कानडी पाटी दिसली की आमच्या मंडळींनी थोडे थांबावे. गिरणी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. थालिपिठाची भाजणी घेऊन आपण तेथे जातोच, आणि गिरणीवाला आधी कोणाचे दळण टाकले होते ते सांगून भाजणी रागीनंतर टाकू की आधी, असे विचारतोच. रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजीबाईला तेवढ्या वेळात विचारता येईल: तुमच्या घरचे हगेवु कोठे होते? शेवटचे कोणत्या वर्षी उघडले? आत कोण उतरायचा, आणि त्याला त्याबद्दल किती रागी मिळायची? दिवा विझलेला कोणी पाहिला होता काय? गावात पहिली गिरणी कोणी घातली, दळणाचा दर काय होता, आणि ज्या दिवशी बीसुकल्लु उचलून अंगणात ठेवला त्या दिवशी घरात काय बोलणे झाले? मंडळाच्या पुढील सभेत नावाच्या वादासाठी राखलेला तास आम्ही या उत्तरांसाठी मागत आहो.