रेघ कोणाची?

'मार्ग संगणकाने ठरवला आहे,' हे वाक्य अलीकडे सुरतेत फार सहजपणे कानी पडते. आमच्या पणजोबांच्या काळी 'हुजुरांची मर्जी' म्हटले की पुढचा प्रश्न जिभेवरच विरत असे. तीच प्रतिष्ठा आता या वाक्याला आली आहे. मध्यंतरी एका कार्यालयात आम्ही एका प्रस्तावित रस्त्याविषयी विचारणा केली, तेव्हा पडद्यावरील लाल रेघ दाखवून हेच उत्तर देण्यात आले. आमचे म्हणणे असे की, हे उत्तर नव्हे, ती उत्तर टाळण्याची एक सभ्य रीत आहे.

मार्ग आखणारी संगणकप्रणाली करते तरी काय? ती भूमीचे लहान लहान चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला ओलांडणीची एक किंमत लावते. नदी, चढ, दलदल, दाट वस्ती, महाग जमीन यांची किंमत जास्त; मोकळ्या पडीक रानाची कमी. मग सर्वांत कमी बेरजेची वाट ती शोधून काढते. हे गणित चोख आहे. डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत आजही या कामाच्या मुळाशी आहे. परंतु कोणत्या गोष्टीला किती किंमत लावायची, हे गणित सांगत नाही. ते माणूस ठरवतो. आणि ज्या गोष्टीची नोंदच नाही तिची किंमत आपोआप शून्य होते. जुना ओवारा, बुजलेली विहीर, चार घरांचे सामाईक अंगण, ही सारी शून्य किमतीची वस्ती!

नोंदी असतात, पण त्या कशा असतात तेही पाहावे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांत जगाच्या मोठ्या भागाची उंची टिपली. ती माहिती आज सर्वांना फुकट मिळते आणि प्राथमिक आखणीत सर्रास वापरली जाते. तिचा एक चौकोन ३० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. गोपीपुऱ्यात नऊ गुंठ्यांत किती घरे आणि किती बोळ मावतात, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. शिवाय ती लहर दाट वस्तीत जमिनीपर्यंत पोचतेच असे नाही. छपराची किंवा झाडाच्या शेंड्याची उंचीही ती जमिनीची म्हणून नोंदवते. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना या सपाट शहरात एका मीटरचे मोल ठाऊक आहे. तेथे काही मीटरांच्या चुकीवर भराव घातला, तर पाणी कोणाच्या ओटीवर येईल?

तिसरी गोष्ट नकाशांच्या मेळाची. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी घालून दिलेली मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. गावनकाशे साखळीने मोजले गेले. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीमापनावर उभे आहेत, तर उपग्रहाची मापे निराळ्या पायावर. त्यांचा मेळ न घालता एकावर एक थर ठेवले, की आपली विहीर शेजाऱ्याच्या परसात जाते आणि शेजाऱ्याचे झाड रस्त्यात येते.

आम्हांस प्रगतीचे वैरी ठरवण्याची घाई कोणी करू नये. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या मार्गाची पाहणी विमानातून लेझर किरणांनी झाली. जमिनीवर वर्षभर चालले असते ते काम सुमारे १२ आठवड्यांत उरकले. उत्तम साधनाचे आम्हांस कौतुकच आहे. इतकेच नव्हे, तर आमच्या म्हणण्याचा पुरावा सुरत मेट्रोतच आहे. कापोद्र्यापासून चौकबाजारापर्यंत ती भुयारातून नेण्यात आली. भुयार काही स्वस्त नसते. म्हणजे जुन्या शहरावरील घाला टाळण्याची किंमत कोणीतरी मोजली. तो निर्णय माणसांचा होता आणि योग्य होता. मग इतरत्र संगणकाच्या आड का लपावे?

१८६० साली उतराण-अंकलेश्वर लोहमार्ग सुरू झाला. त्या काळी टाकलेल्या रेघेने आजही या पंचक्रोशीचे पेठा-व्यापार बांधून ठेवले आहेत. रेघ एकदा पडली की शतके पुसत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: कोणताही मार्ग जाहीर करताना वापरलेले थर, त्यांची अचूकता आणि प्रत्येक गोष्टीला दिलेली किंमत लोकांसमोर ठेवावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे व स्थानविषयक माहितीवरील जुनी बंधने सैल केली. माहिती मोकळी झाली. तिच्यावरचा निवाडा मात्र बंद कपाटात राहावा, हे कसे?

आणि शेवटी दोन शब्द आपल्याच घराविषयी. ट्रंकेत सनदा, खरेदीखते, हाताने काढलेले वाड्यांचे नकाशे जपणारी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. त्यातली किती कागदपत्रे आपण कधी कोणापुढे मांडली? ओवाऱ्याचे नाव सांगणारा शेवटचा माणूस गेला की त्या ओवाऱ्याची किंमत शून्य लावणारे आपणच असतो. संगणकाला दोष देण्याआधी ती ट्रंक उघडावी, इतके तरी आपल्या हाती आहे.