गजर वेगळा, जाग वेगळी

जून महिन्यात शाळा-महाविद्यालये सुरू झाली, की मध्यमवर्गीय घरांतून एक जुनाच प्रश्न नव्याने डोके वर काढतो. सकाळी वेळेवर उठावे कसे? सातचा पहिला तास, ठरलेली लोकल, कचेरीतील हजेरीपट या सर्वांचा भार अखेर एका लहानशा यंत्रावर, म्हणजे गजरावर येऊन पडतो. गजर कसा हवा, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: मोठ्या आवाजाचा. हे उत्तर अपुरे आहे, आणि पुष्कळदा चुकीचेही आहे. चष्मा घेण्यापूर्वी आपण डोळे तपासून घेतो. गजर मात्र आपली झोप न तपासताच लावतो.

मुळात गजर ही काही खाजगी वस्तू नव्हती. इंग्लंडमधील औद्योगिक गावांत पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणारी माणसे असत आणि कामगार त्याबद्दल त्यांना पैसे देत. मुंबईच्या गिरणगावात हेच काम भोंगा करीत असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. या नव्या वेळेविरुद्ध त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांनी निदर्शने केली. ३९ मिनिटांची झोप हा त्या काळी सामूहिक तक्रारीचा विषय होऊ शकत होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, भोंगेही मुके झाले. आज भोंगा प्रत्येकाच्या उशाशी, भ्रमणध्वनीत येऊन बसला आहे. त्यामुळे वेळेवर न उठणे हा ज्याचा त्याचा वैयक्तिक दोष ठरला आहे.

थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिले होते. रात्री गजर लावणारा माणूस आणि सकाळी तो बंद करणारा माणूस यांची हितसंबंधांची गणिते वेगळी असतात. म्हणून पहिला दुसऱ्याला बांधून ठेवण्याच्या युक्त्या योजतो. घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणे ही त्यांपैकीच एक. शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी गौरी नंदा यांना मेजावरून उडी मारून पळत सुटणाऱ्या गजराच्या घड्याळाबद्दल अर्थशास्त्राचेच विनोदी 'इग नोबेल' मिळाले. एकाने सिद्धान्त मांडला आणि दुसरीने त्याला चाके लावली, एवढाच काय तो फरक!

तात्पर्य, घड्याळ निवडण्यापूर्वी आपला रोग ओळखला पाहिजे. काहींना जाग येते, पण उठणे होत नाही. त्यांना आवाज नको, अंतर हवे. कपाटावर किंवा बाहेरच्या खोलीत ठेवलेले साधे किल्लीचे वा सेलचे घड्याळ त्यांना पुरते. 'आणखी दहा मिनिटे' देणारी भ्रमणध्वनीतील सोय त्यांच्यासाठी सर्वांत वाईट, कारण ती दहा मिनिटे धड झोपेची नसतात, धड जागेपणाचीही नसतात. काहींची झोप सावध असते. त्यांना टिकटिक आणि चमकणारे आकडे रात्रभर छळतात. हळूहळू चढत जाणारा मंद सूर त्यांना पुरेसा होतो. एका खोलीत चार माणसे निजत असतील, तर एकाच्या गजराची किंमत इतर तिघे मोजतात. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. तेथे उशीखाली किंवा मनगटावर थरथरणारा गजरच न्याय्य होय. राहता राहिले ते, ज्यांना कोणत्याही आवाजाने जागच येत नाही. त्यांनी आधी आपण किती तास झोपतो ते मोजावे. पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येत असेल आणि रात्री घोरणे जोराचे असेल, तर घड्याळाच्या दुकानाऐवजी डॉक्टरांचा दवाखाना गाठावा.

यावर कोणी म्हणेल, की आमचे वाडवडील गजराशिवाय पहाटे उठत. हा सारा शिस्तीचा प्रश्न आहे. वाडवडील उठत हे खरे, परंतु ते दिवेलागणीनंतर लवकर निजतही असत, हा हिशेबाचा दुसरा रकाना आपण विसरतो. शिवाय नुसते अंथरुणावर पडणे म्हणजे झोप नव्हे. चेन्नईतील अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांचीच होई. त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवली, तरी कामाच्या उत्पादकतेत वाढ दिसली नाही. कामाच्या जागी दुपारी घेतलेल्या अल्प विश्रांतीचा मात्र लाभ दिसला. डास, उकाडा आणि गोंगाट यांनी चाळवलेल्या झोपेला कोणताही गजर भरपाई देऊ शकत नाही, हेच यावरून दिसते.

आणि उठण्याची वेळ तरी कोण ठरवतो? महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो स्तुत्य होता. परंतु ज्या वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते, त्या किशोरांना त्याचा लाभ नाही. सातच्या तासाला समोर बसलेली, डोळे उघडे ठेवण्याची शिकस्त करणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे; वेळापत्रक तपासणे अवघड आहे. इमारत दोन सत्रांत वापरली की पैसे वाचतात. पण त्या बचतीचा खर्च विद्यार्थ्यांच्या झोपेतून वसूल होतो आणि तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

ताळेबंदात न दिसणारा आणखी एक गजर घरोघरी आहे. तो म्हणजे आई. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. सर्वांत आधी उठून इतरांना तीन-तीनदा हाका मारणे हे कामही तिच्याच माथी असते. म्हणून घरात गजराचे घड्याळ आणायचे असेल, तर ते ज्याला उठायचे आहे त्याने स्वतःच्या झोपेला अनुरूप असे निवडावे, स्वतः लावावे आणि पहिल्या ठोक्याला स्वतः बंद करावे. सकाळच्या त्या हाका थांबल्या, तर घड्याळाची किंमत पहिल्याच आठवड्यात वसूल झाली असे खुशाल समजावे.