पाटी आणि कळफलक

तामिळनाडूत जयललितांच्या सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटण्यास आरंभ केला. त्यानंतर तीनच आठवड्यांत, ५ ऑक्टोबरला, कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण केले. केंद्राला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता, आणि गाजावाजा झाला तो या आकड्याचाच. त्याचा पडदा सात इंची. २००७ साली बाजारात आलेल्या आसुसच्या चिमुकल्या ‘ई पीसी’ लॅपटॉपचा पडदाही सात इंचीच होता. पण त्याला कळफलक होता. हा भेद किरकोळ नव्हे. टॅबलेटवर पाहणे, वाचणे सुखाचे. दहा पानी निबंध लिहिणे वा आज्ञावली रचणे ही मात्र शिक्षाच. जुन्या पाटीवर मूल निदान लिहीत तरी असे! वेगळा कळफलक जोडता येतो हे खरे. पण मग स्वस्ताईचा मुद्दा लंगडा पडतो. प्राथमिक वर्गांना टॅबलेट पुरेल, हेही मान्य. ‘आकाश’ मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता. ज्यांनी लिहायचे, त्यांच्या हाती वाचण्याचे साधन देण्याचा हा निर्णय किमतीने घेतला, अभ्यासक्रमाने नव्हे. यापुढे अशी निविदा काढणाऱ्या कोणत्याही खात्याने विद्यार्थ्याला वर्षभरात किती लिहावे लागते, हे आधी प्राध्यापकांना विचारावे. दरपत्रके नंतर मागवावीत.